त्रेचाळीस नंबरचा बिल्ला

“कान पीळ तिचा, सोप्या. जोरानं पीळ.”

हुसेनचाचांनी हे सांगितलं तेव्हा मैना खोड्यात पुढच्या गुडघ्यांवर आली होती. तिच्या मानेतली सुई अजून काढलेली नव्हती. नळीतून रक्त बाटलीत पडत होतं आणि बाटली भरायला अजून दोन बोटं बाकी होती. खोडा म्हणजे दोन्ही अंगांना लोखंडी दांडे ठोकलेली अरुंद गल्ली. घोडं आत घातलं की त्याला वळता येत नाही आणि धड आडवंही होता येत नाही. मैनेचा सगळा भार एका दांड्यावर आला, तो तिच्या बगलेत रुतला आणि तिथलं कातडं सोलून निघालं.

मी कान धरला, पण पीळ काही देववेना. चाचांनी मला खांद्यानं बाजूला सारलं, तो कान मुठीत घेऊन ओल्या फडक्यासारखा पिळला आणि बुटानं तिच्या पोटात दोन लाथा घातल्या. मैना किंचाळली. घोडं खिंकाळताना सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. किंचाळताना ऐकणारे थोडे. ती उठली, चारही पाय फाकून उभी राहिली आणि तिच्या पोटावरून घामाचे ओघळ सुटले.

“बसली असती तर परत उठली नसती,” चाचा धापा टाकत म्हणाले. “तुझ्या मायेनं मेली असती, माझ्या लाथेनं जगली. कळलं काय?”

डॉक्टर मिराशीबाईंनी बाटली भरू दिली. मग सुई उपसली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “गुळाचं पाणी पाज तिला. आणि तुझं ते गाणं कर. तिला आवडतं.”

माझं गाणं म्हणजे रामकृष्णहरीचा गजर. गावाकडे सप्त्यात मी टाळकरी. कीर्तन म्हटलं की मला जेवणाची शुद्ध नसायची. बुवा कुठले, फड कुठला, काही विचारायचं नाही, दहा मैल चालत जायचं आणि टाळ घेऊन मागं उभं राहायचं. तबेल्यात लागलो तेव्हा ती सवय संगतीनं आली. घोडं खोड्यात बावचळलं की मी त्याच्या कपाळाला कपाळ लावून हळू आवाजात गजर धरायचो. बाकीच्या घोड्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. मैना मात्र कान मागं टाकून, डोळे अर्धे मिटून ऐकायची. नऊ वर्षं ती तिथं होती. त्यातली सहा वर्षं माझ्या हाताखाली.

ही छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चौतिशीचा होतो. माळावर एक संस्था होती, तिथं साप चावल्यावर द्यायचं औषध तयार व्हायचं. ते कसं होतं ते चाचांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. घोड्याला सापाचं विष टोचायचं. पहिल्यांदा मोहरीएवढं. आठवड्यानं त्याहून जरा जास्त. असं सहा-आठ महिने वाढवत नेलं की घोड्याच्या रक्तातच विषाशी लढायची ताकद येते. मग नवं घोडं जागच्या जागी मरेल एवढं विष टोचलं तरी ते तासाभरात चारा खायला लागतं. अशा घोड्याचं रक्त काढायचं आणि त्यातून औषध करायचं. वर्षं सरतात तसं घोडं आतून खचतं. मैनेचे पाय त्या वर्षी तिसऱ्यांदा गेले होते.

त्या दिवशी बाई हात धूत असताना मी जाऊन उभा राहिलो.

“बाई, मैनेला आता सोडा की.”

“कुठं सोडू?”

“कुरणात. पंधरा नंबरला नाही का सोडला?”

“पंधराच्या रक्तातला जोर उतरला होता, सोपान. त्रेचाळीसचा उतरलेला नाही. सगळ्या तबेल्यात आजही तिचंच रक्त सगळ्यात चांगलं आहे.” त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. “परवा एक माणूस आला होता. बायकोला भात बेणताना घोणस चावली. तीन दवाखाने फिरला, एकाकडेही औषध नव्हतं. मेली ती. इथं येऊन मला विचारत होता, तुम्ही काय करता म्हणून. काय सांगितलं असतंस तू त्याला?”

“मग मैनेला काय सांगू, बाई?”

बाईंनी पंचा परत ओढून हात पुसले. कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. “तिला विचारायची काही सोय असती,” त्या म्हणाल्या, “तर ही नोकरी मी एक दिवस केली नसती. जा, पाणी पाज तिला.”

एवढं मात्र मला कळलं की जोर उतरला तर रजा मिळते.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या श्रावणातल्या सप्त्याची समाप्ती होती. काल्याच्या कीर्तनाला अच्युतबुवा उभे होते. बुवांचा आवाज असा की पहिल्या ओळीलाच मांडवातली पोरंसोरं खेळायची थांबायची. त्या दिवशी त्यांनी निरूपणाला भूतदया घेतली. बोलता बोलता म्हणाले, “अहो, वर गेल्यावर तुम्हाला कोण विचारतंय तुम्ही कोण म्हणून? तुमच्या गोठ्यातल्या गाईला विचारतील, हा कसा होता गं? आणि ती खोटं बोलणार नाही, तिला तुमच्याकडून उसनी साखर न्यायची नसते.” मांडव हसला. मग बुवांनी आवाज खाली आणला आणि त्या गाईचं उत्तर असं गायलं की हसणाऱ्यांचे पदर डोळ्यांना लागले. मी टाळ वाजवत होतो आणि डोळ्यांसमोर मैनेची सोललेली बगल होती.

काला झाल्यावर बुवांना गाठलं. ते लाह्यांचा घास घेत बसले होते.

“बुवा, मुक्या जनावराचा जीव वाचवायला लबाडी केली तर देव रागावतो का हो?”

बुवांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “टाळकरी, लबाडी झालीय का व्हायचीय?”

“व्हायचीय.”

“मग मला कशाला विचारतोस? अर्धी माझ्या पदरात टाकायला?” ते हसले आणि हातातला काल्याचा घास माझ्या हातावर ठेवला. “जे करशील ते उजेडात सांगता येईल एवढं बघ म्हणजे झालं.”

मी तो घास खाल्ला आणि पुढचं बोलणं ध्यानात ठेवायचं विसरलो.

आमच्या तबेल्यात घोड्यांना डागत नसत. आधीच्या मोठ्या साहेबांनी तो क्रूरपणा म्हणून बंद केला होता. त्याऐवजी प्रत्येक घोड्याच्या म्होरकीला पितळी बिल्ला, त्यावर नंबर. महिन्यापूर्वी बाजारातून सहा नवी घोडी आली होती. ती पलीकडच्या पागेत वेगळी बांधलेली. दोन महिने नुसतं खाऊन तयार व्हायची, त्यांना अजून विषाचा थेंब टोचलेला नव्हता. त्यांत एकाहत्तर नंबरची घोडी अगदी मैनेच्या रंगाची. तांबडं अंग, काळी आयाळ, कपाळावर एक पांढरा केस नाही. मैनेची सोललेली बगल वाकून बघितल्याशिवाय दिसत नव्हती; बाकी मैना वाळलेली होती आणि ही भरलेली, एवढाच फरक. तो बाईंच्या ध्यानात आला तर गुळाचं पाणी लागलं म्हणायचं.

मंगळवारी रक्ताचा नमुना घ्यायचा होता. नमुना म्हणजे एक लहान नळीभर रक्त; त्यावरून कोणत्या घोड्याचा जोर किती ते ठरायचं. हुसेनचाचा सोमवारपासून पाच दिवस रजेवर, मिरजेला भाचीच्या लग्नाला. दोन्ही पागा माझ्याकडे. सोमवारी दुपारी मी मैनेचा बिल्ला एकाहत्तरच्या म्होरकीला लावला, एकाहत्तरचा मैनेला, आणि दोघींची ठाणी बदलली. मैना नव्या पागेत गेली तशी समोरच्या हिरव्या गवतात तोंड खुपसून बसली. दुसरी बिचारी नव्या जागी इकडेतिकडे बघत राहिली. माझ्या बाहीला चाटायला लागली. मी हात मागं घेतला. तिला मी नाव ठेवलं नव्हतं, आणि त्या दिवशी मुद्दामच ठेवलं नाही.

नमुना नीट पार पडला. नळीभर रक्तानं कोणाचं काय जातं, असं मला वाटलं.

शुक्रवारी बाई स्वतः पागेत आल्या. तोंड उतरलेलं.

“सोपान, त्रेचाळीसचं काय झालं रे? खायला देतोस ना नीट?”

“का बाई?”

“नमुना उंदरांवर तपासला. तिचं रक्त आणि विष एकत्र करून उंदरांना टोचतात. रक्तात जोर असला तर उंदीर जगतात. एक जगला नाही. चोवीसच्या चोवीस गेले.”

चोवीस जीव गेल्याचं त्या सांगत होत्या आणि माझ्या मनात टाळ वाजत होते. मी तोंड दुसरीकडे केलं. “मग आता तिला सोडायची?”

“बघू,” बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी आण तिला खोड्यात.”

मला वाटलं, परत नमुना घेतील, खात्री करून घेतील आणि सोडतील. म्हणून बिल्ले तसेच ठेवले. माझी चूक तिथं झाली, असं पुढं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. ते खरं नाही.

शनिवारी सकाळी मी त्या घोडीला खोड्यात घातली. बाई आल्या. त्यांच्या हातात नमुन्याची नळी नव्हती. मोठी सिरिंज होती, आणि आत पिवळसर पाणी.

“हे काय, बाई?”

“विष. घोणशीचं. एवढी चांगली घोडी मी एका नमुन्यावर सोडत नसते. नेहमीचा पूर्ण डोस देते, पंधरा दिवसांत जोर परत चढतो का बघू. नाही चढला तर तुझी मैना तुझी. आता तरी खूश?”

मी म्होरकी धरून उभा होतो. घोडी माझ्या खांद्यावर नाक घासत होती. सकाळचं ऊन खोड्याच्या दांड्यांवर पडलं होतं. बाईंनी तिच्या मानेवर स्पिरिटचा बोळा फिरवला.

हे विष या घोडीला काय करेल ते मला माहीत होतं. मोहरीएवढ्यापासून सुरुवात का करतात ते मला पक्कं माहीत होतं. पण मी तोंड उघडलं असतं तर बाईंनी काय केलं असतं तेही माहीत होतं. बिल्ले जागच्या जागी गेले असते, मला हाकललं असतं, आणि मैना रक्त काढायला गुरुवारी परत खोड्यात आली असती, तीही माझ्याशिवाय. दोन घोड्या होत्या. एकीला मी सहा वर्षं खरारा केला होता.

“धरलीस नीट?” बाईंनी विचारलं.

“धरली,” मी म्हणालो.

सुई गेली.

पाव तास काही झालं नाही. मी तिला ठाणावर नेऊन बांधली. मनाशी म्हणत होतो, जवान आहे, पचवेल. गजर करायला गेलो, पण मुखात नाव येईना. मग तिची मान सुजायला लागली. सुईच्या जागेपासून लिंबाएवढी गाठ आली, ती बघता बघता भोपळ्याएवढी झाली आणि छातीकडे उतरली. घोडी थरथरली. तिनं एकदा वळून स्वतःच्या मानेचा चावा घेतला, कोणी चावतंय तिथं आणि त्याला हुसकावायचंय असा. कातडं फाटलं. त्यातून रक्त आलं ते थांबेना, पाण्यासारखं पातळ.

मी धावत जाऊन बाईंना बोलावलं. काय झालंय ते सांगितलं नाही. “मैना बिघडली” एवढंच म्हणालो.

बाई आल्या तोवर ती दावं तोडून आडवी झाली होती. आडवी पडून पाय झाडत होती. ठाणाची फळी दोन लाथांत मोडली. तिच्या नाकातून रक्ताचा फेस येत होता, तिनं डोकं आपटलं की तो फरशीवर उडायचा, भिंतीवर उडायचा, आमच्या कपड्यांवर उडायचा. बाई बुचकळ्यात पडल्या. “नऊ वर्षं पचवतेय ती हे. आत्ताच कसं? अंगावर उठलं बहुतेक, ॲलर्जी. ते दुसरं इंजेक्शन आण, पळ.” त्यांनी एक टोचलं, मग दुसरं टोचलं. भलत्याच दुखण्यावरचे उपाय चालले होते आणि मी इंजेक्शनं आणून देत होतो. तिसऱ्या वेळी बाई मानेशी वाकल्या, घोडीनं डोकं झटकलं, आणि बाईंचा उजवा हात तिच्या जबड्यात आणि दगडी गव्हाणीत सापडला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. बाई ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि हात पोटाशी धरला.

तेवढ्यात हुसेनचाचा आले. मिरजेहून सकाळच्या गाडीनं उतरले होते, हातात अजून लग्नाच्या लाडवांची पुडी होती. ती त्यांनी गवतात टाकली, घोडीच्या डोक्याशी गुडघे टेकले, एका हातानं ओठ वर केला आणि तिच्या दातांकडे बघितलं.

“बाई,” ते म्हणाले, “ही मैना नाही.”

“काय म्हणता?”

“मैना सोळा वर्षांची. ही पाच वर्षांची आहे. दात बघा की. आत्ता कुठं पुरे आलेत.” त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

चाचा उठले. तुटलेलं दावं उचललं आणि मला मारायला सुरुवात केली. पहिला फटका कानावर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फुटला. मी पडलो तसे पाठीवर बसत गेले, गाठ होती दाव्याला. मी हात आडवा केला नाही. “लेकरू होतं ते,” चाचा प्रत्येक फटक्याला म्हणत होते. “लेकरू होतं.”

“हुसेनभाई, पुरे,” बाई म्हणाल्या. “पुरे. सोपान, काय केलंस ते सांग.”

मी फरशीवर पडल्या पडल्या सांगितलं. बिल्ला, नमुना, सगळं. सांगायला चार वाक्यं लागली. तासाभरापूर्वी ती चार वाक्यं मला सांगता आली नव्हती.

“म्हणजे हिला विष चढलंय,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “नुसतं विष.”

“मग औषध द्या, बाई,” मी सरकत सरकत त्यांच्या पायाशी गेलो. “आपल्याकडेच आहे. इथंच आहे ना. द्या हिला.”

“बारा बाटल्या आहेत.”

“द्या मग.”

“बारा बाटल्या घोड्याला पुरत नाहीत, सोपान. बारा बाटल्यांत एक माणूस जगतो. दुपारच्या गाडीनं त्या जायच्यात.”

“सहा द्या. चार द्या.”

“चारानं ही मरेल आणि तिकडे तोही मरेल.” त्यांनी मोडलेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरला होता. घोडी परत झाडायला लागली होती, तिच्या टापा भिंतीवर बसत होत्या आणि दर टापेला चुन्याचे पापुद्रे पडत होते. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. “तुला वाटतं मला देवासारखं निवडायची हौस आहे? आज सकाळी तू निवडलंस. कसं वाटलं?”

मी ओठातलं रक्त गिळलं.

“हुसेनभाई, माझा हात चालत नाही. कपाटातलं झोपवायचं औषध आणा. मोठी मात्रा भरा.”

चाचा घेऊन आले. त्यांना सुई घालता यायची, जुने होते. “डोकं धर तिचं,” ते मला म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी तिच्या मानेवर आडवा पडलो. माझ्या गालाखाली ती सूज होती, गरम, आणि आत काहीतरी ठोके देत होतं. तिचा एक डोळा माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. पांढऱ्यावर सगळीकडे रक्त उतरलेलं. तिनं एकदा पूर्ण ताकदीनं डोकं उचललं, मला घेऊन उचललं, आणि फरशीवर आपटलं. माझे पुढचे दोन दात तिथं गेले. चाचांनी सुई घातली. मग हळूहळू तिचे पाय थांबले. चाचा काहीतरी पुटपुटले, त्यांच्या भाषेतली दुवा असावी. मला माझ्या भाषेतलं काही आठवलं नाही.

दुपारी तिला ओढून गाडीवर घालताना बाई परत आल्या. हात गळ्यात बांधलेला होता. तालुक्याला जाऊन प्लास्टर घालून आल्या होत्या.

“मला काढून टाका, बाई,” मी म्हणालो.

“काढून टाकलं तर कुठं जाशील?”

“गावी.”

“आणि काय सांगशील? दयेपोटी नोकरी सोडली म्हणून?” त्या थांबल्या. “लोक विश्वासही ठेवतील. तू भजनातला माणूस. नाही, सोपान. तू राहायचंस. एक घोडी कमी झाली, आठ महिन्यांनी तयार झाली असती ती. माणसं चावून घ्यायची थांबणार नाहीत. गुरुवारी त्रेचाळीसचं रक्त घ्यायचंय.”

“तिचे पाय जातात, बाई.”

“सात लिटर नाही घेणार. पाचच घेईन. आणि हे वर्ष संपलं की तिला सोडते. हे मी आज ठरवलेलं नाही, तू विचारलंस त्याच दिवशी ठरवलं होतं. तू परत विचारायला आला असतास तर सांगितलं असतं.”

बाई निघून गेल्या. मी मैनेच्या म्होरकीला तिचा बिल्ला परत लावला. तिला काही कळत नव्हतं. नव्या पागेतलं गवत सोडून यायला लागल्यामुळे ती जरा रुसली होती.

त्या बारा बाटल्या गाडीनं गेल्या. कोणत्या दवाखान्यात पोचल्या, कोणाला दिल्या, मी कधी विचारलं नाही. पुढं पंचवीस वर्षं मी तिथंच नोकरी केली, रोज औषध भरून गाडीत चढवलं, तरी नाही विचारलं. कोणीतरी बाई किंवा गडी असेल, त्या वर्षी सापाच्या तोंडातून वाचलेला. त्याची नातवंडं आता शेतात जात असतील. त्याला दोन घोड्यांची गोष्ट ठाऊक नसेल, आणि तेच बरं आहे.

गुरुवारी मैनेला आणायला गेलो तेव्हा तिला ओढावं लागलं नाही. माझ्या मागून चालत आली आणि मी खोड्याशी थांबलो तशी मला नाकानं बाजूला सारून आपणहून आत गेली. आत जाऊन उभी राहिली आणि मान डावीकडे झुकवली, सुईकडची बाजू मोकळी करून. नऊ वर्षांत ती एवढं शिकली होती.

बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये. चाचांनी सुईचं पाकीट उघडलं, पण सुई स्वतः घेतली नाही. माझ्यापुढं धरली.

“तू घाल.”

“चाचा, मला येत नाही.”

“शिकवतो. अंगठ्यानं खाली दाब, शीर फुगेल. तिथं.”

मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “घाल.”

इतकी वर्षं मी डोक्याशी उभा राहायचो, तिच्या डोळ्यात बघत, सुई शिरेत कशी जाते ते कधी नीट पाहिलं नव्हतं. मी अंगठा दाबला. शीर दोरखंडासारखी वर आली. पहिल्यांदा सुई चुकली, मैनेचं कातडं शहारलं, पाय मात्र हलला नाही. दुसऱ्यांदा शिरेत बसली. नळी तांबडी झाली.

“बाटली धर,” चाचा म्हणाले.

मी दोन्ही हातांनी धरली. छातीशी लावली. काच आधी गार होती. मग कोमट झाली, आणि जड होत गेली.